घे आजी, हा तुझा युरीचा दिवस

हातातोंडाशी आलेले काही अवचित निसटले, दिलेला शब्द ऐन वेळी फिरवला गेला, की रशियन माणूस एक वाक्य बोलतो. त्याचा अर्थ एवढाच : "घे आजी, हा तुझा युरीचा दिवस!" आगगाडी चुकली तरी तो हे म्हणेल, आणि ठरलेले लग्न मोडले तरी हेच म्हणेल. बोलताना त्याच्या मनात कोणी संत नसतो, कोणी शेतकरी नसतो, आजी तर नसतेच. म्हणींचे असेच होत असते.

काही वर्षांपूर्वी पुश्किनचे 'बरीस गदुनोव' वर्गात शिकवताना आम्ही ही म्हण सांगितली होती. नाटकात युरीच्या दिवसाचा उल्लेख येतो आणि तो समजावण्यासाठी ही म्हण फार सोयीची पडते. रशियातल्या शेतकऱ्याला मालक बदलण्याची मुभा वर्षातून एकदा, या दिवसाच्या आगेमागे असे, ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस गेली आणि मागे ही म्हण उरली, असे सांगून आम्ही पुढच्या प्रवेशाकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण ही आजी कोण? तिला कुठे जायचं होतं?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि 'आजी ही केवळ बोलण्याची लकब आहे' असे काहीसे सांगून वेळ मारून नेली. उत्तर तसे चुकीचे नव्हते. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या जाईना. शिक्षकाच्या नशिबी असे दोनचार प्रश्न असतात, जे विचारणारा विसरून जातो आणि ज्याला विचारले तो विसरू शकत नाही. त्यानंतर वाचनाच्या ओघात जे जे हाती आले, ते येथे मांडत आहोत. उत्तर सापडले असा आमचा दावा नाही.

प्रथम युरीविषयी. युरी, येगोरी, येगोर, गेओर्गी ही सारी एकाच नावाची रूपे, आणि हा संत म्हणजे पाश्चात्त्यांचा संत जॉर्ज. परंपरा सांगते की तो रोमन सैन्यातला शिपाई होता आणि इ.स. ३०३ च्या सुमारास ख्रिस्ती श्रद्धेपायी मारला गेला. रशियात मात्र त्याचे शिपाईपण चित्रांपुरते राहिले. पांढरा घोडा, हातात भाला, घोड्याच्या टाचेखाली अजगर हे चित्र प्रत्येक देवळात असे. पण शेतकऱ्याने त्याला नेमून दिलेले काम निराळे होते. येगोरी गुरांचा राखणदार होता, जमिनीचे कुलूप उघडणारा होता आणि लांडग्यांचा धनीही होता. गंमत अशी की मूळ ग्रीक शब्द 'गेओर्गोस' याचा अर्थच मुळी 'जमीन कसणारा'. व्होल्गाकाठच्या कुणब्याला ग्रीक येत नव्हते, तरी त्याने या संताला अचूक आपल्या जातीत ओढले. अर्थात यामागे व्युत्पत्तीपेक्षा तिथीचा वाटा मोठा असावा. संताची पुण्यतिथी २३ एप्रिलची, आणि नेमकी त्याच सुमारास त्या थंड मुलुखात गुरे गोठ्याबाहेर काढण्याची वेळ येते.

संताचे वर्षात दोन दिवस. वसंतातला हा २३ एप्रिलचा, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी २६ नोव्हेंबरचा. दुसऱ्याचे मूळ कीव्हमध्ये आहे. अकराव्या शतकात तेथे राज्य करणाऱ्या यारोस्लाव्ह राजाचे बाप्तिस्म्याचे नाव गेओर्गी. त्याने आपल्या संताचे देऊळ बांधले आणि त्याच्या प्रतिष्ठापनेचा दिवस पंचांगात कायमचा बसला. (या सर्व तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत. १९१८ साली सोव्हिएत सरकारने नवे पंचांग स्वीकारले तेव्हा ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडली. त्या हिशेबाने आज हे दिवस ६ मे आणि ९ डिसेंबरला येतात.) लोक पहिल्याला उबदार येगोरी म्हणत आणि दुसऱ्याला थंड येगोरी. शेतकऱ्याचे सबंध वर्ष या दोन खुंट्यांना टांगलेले असे.

उबदार येगोरीविषयी जितके वाचावे तितके थोडे. रशियन हिवाळ्यात गुरे सहासहा महिने गोठ्याच्या अंधारात उभी असत. वैरण एप्रिलपर्यंत पुरली तर पुरली. वाईट वर्षी छपरावरचा पेंढा काढून घालावा लागे आणि गाई इतक्या अशक्त होत की त्यांना आधार देऊन उभे करावे लागे. अशा गाईला दारातून बाहेर काढण्याचा हा दिवस. तेव्हा त्या दिवसाभोवती श्रद्धांचे एवढे दाट रान का माजले, हे विचारण्याची गरज पडू नये. गाईच्या पाठीवर हळूच मारायची ती वाळुंजाच्या जातीच्या, लवदार कळ्यांच्या झाडाची फांदी. तीसुद्धा ईस्टरच्या आधीच्या रविवारी देवळातून मंतरून आणलेली आणि तेव्हापासून घरातल्या देवचित्रामागे जपून ठेवलेली. घरधनी हातात येगोरीचे चित्र, भाकरी आणि पेटती मेणबत्ती घेऊन गुरांभोवती फेरी घाली. फाटकाच्या उंबऱ्यात कोठे घरधनिणीचा कमरपट्टा पसरत, कोठे कुऱ्हाड ठेवत, कोठे बंद केलेले कुलूप. गुरांनी ते ओलांडून जायचे. पट्टा ओलांडला की गाय घराला बांधलेली राहते आणि संध्याकाळी आपसूक परत येते. कुलूप ओलांडले की लांडग्याचा जबडा तसाच मिटलेला राहतो. जेथे एप्रिलअखेरही बर्फ असे, त्या उत्तरेकडच्या गावांत हा सारा विधी यथासांग करून गुरे पुन्हा गोठ्यात आणून बांधत. चरायला गवताची काडी नसली तरी दिवस पाळला गेला पाहिजे.

दवाची गोष्ट आम्हांला विशेष आवडली. जमीन हिवाळाभर कुलूपबंद असते, येगोरी किल्ल्या घेऊन येतो, ती उघडतो आणि दव मोकळे करतो. म्हणून त्या पहाटेचे दव औषधी. लोक पहाटे शेतात जाऊन त्यात लोळत. माणसाच्या अंगी बळ यावे आणि रब्बीच्या कोवळ्या पिकाच्या अंगीही यावे, असा दुहेरी हेतू त्यात असे. दवात भिजवलेल्या फडक्याने गाईची कास पुसत. आणि जे औषध, तेच चोरीला जाण्याचे भय : चेटकिणी त्याच पहाटे फडकी ओढत शेजाऱ्याच्या कुरणातले दव टिपून नेतात आणि मग शेजाऱ्याची गाय आटते, असा समज होता. 'येगोरी दव घेऊन येतो आणि निकोला गवत घेऊन', असेही म्हणत. संत निकोलाचा दिवस त्यानंतर सोळा दिवसांनी, ९ मे रोजी. व्लादिमीर दाल याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या प्रचंड संग्रहात, ज्यात तीस हजारांहून अधिक म्हणी आहेत, संतांच्या दिवसांवर अशा म्हणींचे ढीगच्या ढीग आहेत. ज्याच्या घरी छापील पंचांग नाही आणि असते तर वाचताही आले नसते, त्याने आपले पंचांग असे तोंडात ठेवले होते.

आता लांडगा. गुरांचा राखणदार आणि लांडग्यांचा धनी एकच, ही कल्पना प्रथम वाचली तेव्हा आम्ही थबकलो. लांडगे येगोरीचे कुत्रे समजले जात. 'लांडग्याच्या दातात जे आहे ते येगोरीनेच दिलेले', ही म्हण. स्लाव लोकांत अनेक ठिकाणी एक कथा सांगतात. एक माणूस रात्री रानात झाडावर चढून बसतो. खाली पांढऱ्या घोड्यावरून येगोरी येतो, भोवती लांडगे जमतात, आणि तो एकेकाला त्याचा वाटा नेमून देतो : तुला अमक्याची मेंढी, तुला तमक्याचे शिंगरू. सर्वांत शेवटी एक लंगडा लांडगा लंगडत येतो. सगळे वाटून संपलेले असते. येगोरी म्हणतो, तुला तो झाडावर बसला आहे तो. माणूस कसाबसा घरी पोचतो, काळजी घेतो, लपतो. पण कथेच्या अखेरीस लांडग्याला त्याचा वाटा मिळतोच.

या कथेत अन्याय झाला अशी तक्रार कोठेही नाही, हे आम्हांला नोंदवावेसे वाटते. वाटप करणारा कठोर आहे, पण तो वाटप करतो. लांडग्यालाही नेमून दिलेल्यापेक्षा अधिक घेता येत नाही. रशियाच्या उत्तर भागात गुराखी हंगामापुरता ठरवला जाई, तेव्हा तो रानाच्या अधिपतीशी, लेशीशी, असाच करार करी असे मानत. एखादी गाय त्याला द्यायची आणि बाकीचा कळप त्याने सांभाळायचा. या कराराचा मंत्र कधी कागदावर लिहून गुराख्याच्या शिंगात किंवा काठीत दडवून ठेवलेला असे. त्या बदल्यात गुराख्यावर बंधने येत. हंगाम संपेपर्यंत त्याने केस कापायचे नाहीत, रानातली फळे तोडायची नाहीत, बाईला स्पर्श करायचा नाही. एक बंधन मोडले की करार मोडला आणि लांडगे मोकळे. गाव त्याला अंडी, भाकऱ्या, कणकेचे पदार्थ देई, कारण गावाच्या वतीने त्या भयंकर शक्तीला सामोरा जाणारा तो एकटाच होता.

व्लादिमीर प्रॉप आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो तो परीकथांच्या रचनेवरील १९२८ च्या ग्रंथामुळे. परीक्षेत त्याची एकतीस कार्ये लिहून आली की गुण मिळतात. पण त्याने १९६३ साली रशियन शेतकऱ्यांच्या सणांवरही एक पुस्तक लिहिले, ते फारसे कोणी उघडत नाही. सण वरवर कितीही भिन्न दिसले तरी ते त्याच त्या थोड्या घटकांचे बनलेले असतात, मृतांची आठवण, विधीचे अन्न, कोवळी पालवी, हास्य, आणि या सर्वांच्या तळाशी शेतकऱ्याची श्रमाची आणि उपजीविकेची चिंता असते, असे तो दाखवतो. आम्हांला ते पटते. फक्त एक गोष्ट त्यात घालावीशी वाटते. येगोरीच्या दिवसापुरते पाहिले तर प्रत्येक चालीच्या आत एक करार दिसतो. जमिनीशी करार, लांडग्याशी करार, लेशीशी करार. आणि थंड येगोरीला जो करार होता, तो माणसाशी.

२६ नोव्हेंबरपर्यंत मळणी उरकलेली असे, सरकारचे आणि मालकाचे देणे चुकते झालेले असे, चिखल गोठून घसरगाडीला वाट झालेली असे. लांडगे त्या दिवसापासून गावाजवळ येऊ लागतात आणि अस्वल गुहेत निजते, असा समज होता. त्या रात्री विहिरीवर जाऊन कान देत. पाणी निश्चल असेल तर हिवाळा सौम्य, आत आवाज असेल तर वादळे. या निवांत, हिशेब मिटलेल्या पंधरवड्यात शेतकरी बिऱ्हाड घसरगाडीवर घालून दुसऱ्या जमीनदाराकडे जाऊ शके. ही रूढी जुनीच होती. तिसऱ्या इव्हानच्या १४९७ च्या कायदेसंहितेने ती सबंध राज्याला लागू केली. दिवसाच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा, एवढीच मुदत. जाताना वास्तव्याचे मोल द्यायचे. मैदानी प्रदेशात, जेथे लाकूड दुर्मीळ, घरामागे एक रुबल. रानाच्या प्रदेशात अर्धा. एक वर्ष राहिला असेल तर त्याचा चौथा हिस्सा, दोन वर्षे तर निम्मा, तीन वर्षे तर पाऊण, चार वर्षांनी पूर्ण. १५५० च्या संहितेने हाच हक्क पुन्हा मान्य केला आणि मोल थोडे वाढवले. योगायोग असा की त्याच १४९७ सालच्या इव्हानच्या राजमुद्रेवर अजगराला भाल्याने मारणारा घोडेस्वार आहे. तेव्हाचे लोक त्यात राजा पाहत. पुढे त्यालाच संत गेओर्गी म्हणू लागले आणि तो मॉस्कोच्या चिन्हावर जाऊन बसला.

येथवर सारे ठीक वाटते. पण या हक्काला एक अट होती, जी कोणत्याही संहितेत ठळक अक्षरांत लिहिलेली नव्हती. निघण्याआधी मालकाकडून उचललेले कर्ज फिटले पाहिजे. बियाणे, बैल, घोडा, पहिल्या हिवाळ्याचे धान्य, हे सारे उसने घेतलेले. इतिहासकार क्ल्युचेव्हस्की याने १८८५ साली असे मांडले की रशियन शेतकऱ्याला कोणा राजाच्या फर्मानाने बांधले नाही, त्याच्या कर्जाने बांधले. मनाई येण्यापूर्वीच जाण्याची ऐपत संपली होती. पुढच्या अभ्यासकांनी फर्मानांचे पुरावे समोर आणले आणि त्याचा सिद्धान्त जसाच्या तसा टिकला नाही. तरीही त्याने दाखवलेली गोष्ट खोटी ठरली नाही. त्या पंधरवड्यात बड्या जमीनदारांचे कारभारी गावोगाव फिरत, शेतकऱ्याचे देणे स्वतः भरत आणि त्याला आपल्या मालकाकडे घेऊन जात. शेतकरी हलला खरा, पण एका वहीतून दुसऱ्या वहीत.

मग १५८१ पासून 'मनाईची वर्षे' येऊ लागली. अमुक वर्षी जाण्यास बंदी, मग पुढच्याही वर्षी. २४ नोव्हेंबर १५९७ रोजी, म्हणजे ऐन त्या पंधरवड्यात, थंड येगोरीच्या दोन दिवस आधी, फर्मान निघाले की पळालेल्या शेतकऱ्याला पाच वर्षांपर्यंत शोधून परत आणता येईल. १६०१ पासून तीन वर्षे भयानक दुष्काळ पडला, तेव्हा बरीस गदुनोवने लहान जमीनदारांच्या शेतकऱ्यांना जाण्याची मुभा काही अंशी परत दिली आणि मग तीही विरली. १६४९ च्या संहितेने शोधाची मुदतच काढून टाकली. पळालेला माणूस कधीही, कितीही वर्षांनी परत आणावा. हे १८६१ पर्यंत चालले.

सण मात्र बंद पडला नाही. लांडगे गावाजवळ येत राहिले, विहिरीला कान लावले जात राहिले, उबदार येगोरीला गाई कुलूप ओलांडत राहिल्या. वर्षाच्या त्या दुसऱ्या खुंटीला टांगलेले जे होते, तेवढे काढून घेतले गेले आणि खुंटी तशीच राहिली. भाषेत दोन क्रियापदे उरली. एक येगोरच्या नावावरून आणि एक कुझ्माच्या. संत कुझ्माचा दिवसही नोव्हेंबरातच, पहिल्या तारखेला. दोन्हींचा अर्थ एकच : फसवणे. वसंतात ठरवून शरद ऋतूत हिशेब करताना मालकाने गड्याला बुडवायचे, त्यावरून ती आली, असे सांगणारे सांगतात.

आता पुश्किनकडे येऊ. 'बरीस गदुनोव' १८२५ साली लिहून झाले. आम्ही ते कितीदा शिकवले, आणि युरीच्या दिवसाचा उल्लेख आला की प्रत्येक वेळी गहिवरल्यासारखे बोललो. हरवलेले स्वातंत्र्य, जनतेची व्यथा वगैरे. विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नानंतर तो प्रवेश पुन्हा वाचला आणि स्वतःचीच लाज वाटली. तो प्रवेश शुइस्की सरदाराच्या घरातला. पाहुण्यांची मेजवानी संपली आहे, आणि मागे राहिलेला अफनासी पुश्किन, म्हणजे कवीने आपल्याच कुळातला म्हणून रंगवलेला सरदार, शुइस्कीशी खाजगीत बोलतो आहे. युरीचा दिवस गेल्याची तक्रार तो करतो. तक्रार काय, तर आम्ही आमच्याच जमिनीवर धनी उरलो नाही; आळशी माणसाला हाकलता येत नाही, त्याला पोसावे लागते; दुसऱ्याचा चांगला कामकरी फितवून आणावा तर कचेरीची भीती. लोकांना तरी हे सुखाचे झाले का, हा प्रश्न त्याच्या तोंडी नंतर येतो, आणि तोही राजकारणाच्या हिशेबात : तोतयाने त्यांना जुना युरीचा दिवस देऊ केला तर काय गोंधळ उडेल पाहा. रशियन साहित्यातला युरीच्या दिवसाचा हा सर्वांत प्रसिद्ध विलाप मालकाचा आहे. पुश्किनला ते पुरते ठाऊक होते. ते न कळणारे आम्ही.

एकदा हे दिसले की सगळीकडे तेच दिसू लागते. तुर्गेनेव्हच्या शिकाऱ्याला खोर भेटतो. रानाकडेला राहणारा, पैसा राखून असलेला हुशार शेतकरी. तू स्वतःला विकत घेऊन मोकळा का होत नाहीस, असे शिकारी विचारतो आणि खोर गोडीने, डोळे मिचकावत प्रश्न टोलवतो. आम्ही त्यात रशियन शेतकऱ्याचे गूढ स्वभावचित्र वगैरे पाहत आलो. पण समोर जमीनदार वर्गातला माणूस बसला असता खोरने आणखी काय करायचे? विचारणारा मालकांपैकी, लिहिणारा मालकांपैकी. म्हणी जमवणारा दाल सरकारी अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेनिशेव्ह या प्रिन्सने पैसा खर्चून लोकजीवनाची फार मोठी पाहणी करवली; तिला उत्तरे पाठवणाऱ्यांत काही साक्षर शेतकरी होते, पण त्यांच्या जोडीला पाद्री, शिक्षक आणि जमीनदारही होते. कमरपट्ट्याची, कुलपाची, दवाची माहिती आम्हांला मिळते ती अशांच्या हातून. त्यांनी प्रेमाने लिहिले, यात शंका नाही.

येथे आमच्या घराविषयी लिहिणे प्राप्त आहे. ते टाळून हा लेख पुरा करता आला असता आणि तो बरा दिसलाही असता.

आमच्या आजोळी शेती होती आणि सालगडी होते. मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको, सालगड्याचे साल पाडव्याला बदलते. पाडव्याला बोली होते : वर्षाचे इतके रुपये, इतकी ज्वारी, एक घोंगडी, वहाणांचा जोड. ज्याला जायचे त्याने त्याच दिवशी सांगायचे, आधी नाही, नंतर नाही. एका गड्याला आम्ही मुले मामा म्हणत असू. बैलगाडीत पुढे बसवून कासरा हातात देणारा तो. एका पाडव्याला आम्ही सुट्टीसाठी तेथेच होतो. सकाळी गुढी उभारून झाली होती, आत पुरण वाटले जात होते. मामा ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. बायकोच्या माहेरच्या गावी काम मिळते आहे, औंदा तिकडे जावे म्हणतो, असे म्हणाला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फडताळातून वही काढवली आणि चष्मा लावून बाकी वाचून दाखवली. मुलीच्या लग्नाची उचल, मधल्या दुखण्याची उचल, ज्वारीची उचल. आवाज जराही चढला नाही. आजोबा गावात न्यायी म्हणून ओळखले जात आणि त्यांनी वाचलेला एकही आकडा खोटा नसणार. मामा थोडा वेळ पायरीवर बसला. आजीने आतून तांब्या पाठवला, तो त्याने वरून तोंडात धरून प्यायला. मग म्हणाला, "बरं हाय मालक," आणि गोठ्याकडे गेला. दुपारी त्याला पुरणपोळीचे ताट गोठ्यातच गेले. ते न्यायला आम्हीच गेलो होतो आणि तो आमच्याशी रोजच्यासारखा बोलला.

पुढे आम्ही कॉलेजात गेलो, रशियन कादंबऱ्या वाचल्या, भूदासांसाठी अश्रू ढाळले. त्या ओसरीची आठवण त्या काळात एकदाही आली नाही.

सोळाव्या शतकातला रशिया आणि आमचे आजोळ यांत साम्य काढू नये हे आम्हांला कळते. मामाला कोणी साखळदंड घातला नव्हता, आणि त्याला शोधून परत आणण्याचे फर्मानही कोणी काढू शकत नव्हते. कायद्याने तो कधीही जाऊ शकत होता. पण क्ल्युचेव्हस्कीचे म्हणणे आम्हांला एका वाचनात समजले ते यामुळेच, हे लपवण्यात अर्थ नाही.

रशियातही गोष्ट १८६१ ला संपली नाही. मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याने आपल्याच जमिनीचे हप्ते चार दशकांहून अधिक काळ भरले. ते १९०७ पासून बंद झाले. डिसेंबर १९३२ मध्ये सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पासपोर्ट सुरू केले, तेव्हा ते शहरांतल्या माणसांना मिळाले आणि सामूहिक शेतीवरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना मिळाले नाहीत. पासपोर्टावाचून शहरात राहता येत नसे. गावकऱ्यांना सरसकट पासपोर्ट देण्याचा निर्णय १९७४ साली झाला आणि वाटप १९८१ पर्यंत चालले. या पन्नास वर्षांत कोणी आगगाडी चुकल्यावर युरीच्या दिवसाची म्हण वापरली असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, कोण जाणे.

तो विद्यार्थी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकवतो. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही त्याला त्या प्रश्नाची आठवण दिली. त्याला काही आठवेना. मग त्याने सहज विचारले, "म्हणजे आजी जाणारी होती, की कोणाची तरी जाण्याची वाट पाहणारी?" असाही अर्थ होऊ शकतो, हे आम्हांला तोवर सुचले नव्हते. घसरगाडी येईल, मुलगा-सून दुसऱ्या गावाहून आपल्या जवळच्या जमिनीवर राहायला येतील, म्हणून विहिरीशी उभी असलेली म्हातारी. मामाच्या बायकोच्या माहेरीही अशी कोणी असणारच.

आजोळचे घर विकले तेव्हा फडताळातल्या वह्या आमच्याकडे आल्या. हा लेख लिहायला घेतल्यावर त्या वर्षाची वही काढून पाहिली. पाडव्याच्या पानावर मामाचे नाव आहे, खाली बाकीचा आकडा, त्याखाली अंगठा, आणि आजोबांच्या वळणदार अक्षरात 'साल पुढे चालू' एवढे तीन शब्द. त्याच पानावर, उजवीकडच्या रकान्यात, सणाचा खर्च मांडलेला आहे : हरभरा डाळ, गूळ, तूप, मुलांना गाठ्या.